काठीचं उदाहरण

"मुकुट म्हणजे राजा," सर म्हणाले. "खुर्ची म्हणजे सत्ता. आता सांगा, काठी म्हणजे कोण?"

एस. वाय. बी. ए., स्पेशल इंग्लिश. आम्ही सगळे मिळून सतरा जण. सरांनी खडू टेबलावर ठेवला, हात झटकले आणि तिसऱ्या बाकाकडं बघितलं. तिसऱ्या बाकावर मी बसायचे.

"शिनोली, तू सांग. तुझ्या घरचीच आहे."

सर कुणालाच नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. ओतूर, उभा राहा. घोडेगाव, खिडकी लाव. माझं गाव आतल्या बाजूला, मी शिनोलीला येऊन एसटी धरायचे, म्हणून मी शिनोली.

मी उभी राहिले. सर मला विचारतायत म्हणजे उत्तर मला येत असणार, असं मला खरंच वाटलं. मी म्हणाले, "सर, ती काठी आजोबांनी नदीत टाकली."

मागचे दोन बाक पोट धरून हसले. सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, निदान राग धरायला जागा मिळाली असती. ते शांतपणे म्हणाले, "टाकली गं. पण काठी म्हटलं की लोकांना कोण आठवतं? येसकरच ना? वस्तू गेली तरी नाव जात नाही. यालाच मेटॉनमी म्हणतात. लिहून घ्या."

आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, द स्टिक फॉर द येसकर. सोळा जणांनी लिहून घेतलं. मी खाली बसले. सतरावी मी. मीही लिहून घेतलं.

ही नव्वदनंतरची गोष्ट. कॉलेजचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की माणसं नाव धरून बसतात आणि गोष्ट सोडून देतात.

आता काठीचं सांगते. येसकर म्हणजे गावाची वेस राखणारा. घुंगरं बांधलेली काठी आपटत दारोदार निरोप सांगायचा, पाहुण्याचा घोडा धरायचा, मेलेलं ढोर ओढायचं, आणि त्याबदल्यात दारात उभं राहून भाकरी मागायची. काठीला घुंगरं का, तर येसकर येतोय हे माणसांना आधी कळावं. हे काम आमच्या वस्तीत पाळीनं फिरायचं. या वर्षी या घराची पाळी, पुढच्या वर्षी शेजारच्या घराची. वर्ष संपलं की काठी उचलायची आणि पुढच्या घरी नेऊन द्यायची. पुढच्या घरानं ती घ्यायची. नको म्हणायची सोय नव्हती.

छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला तेव्हा पाळी आमच्या आज्याची होती. वर्ष भरायला आलेलं. काठी पुढच्या घरी द्यायची वेळ झाली. आज्यानं काठी उचलली, पुढच्या घरावरून तसाच चालत गेला आणि घोडनदीच्या डोहात फेकून आला. घरी येऊन आजीला म्हणाला, "पाळी सपली."

एवढंच. पण आमच्या घरात ही गोष्ट मी जेवणाइतक्या वेळा ऐकली होती. आमच्याकडं जमीन नव्हती, दागिना नव्हता, भिंतीवर फोटो लावावा असा कुणी मोठा माणूस नव्हता. ही गोष्ट होती.

आणि ती सरांच्या हातात मी स्वतः दिली. ही माझी चूक. एफ. वाय.ला पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं की प्रत्येकानं आपल्या घराविषयी इंग्रजीत दहा वाक्यं बोलायची. बाकीच्यांनी सांगितलं, माय फादर इज अ फार्मर, वुई हॅव टू बुल्स. मी विचार केला, आपण खास काहीतरी सांगू. डिक्शनरी घेऊन बसले. फेकणेला थ्रो, त्याचा भूतकाळ थ्रू, हे शोधून काढलं. वर्गापुढं उभी राहून म्हणाले, माय ग्रँडफादर थ्रू द स्टिक इन द रिव्हर. मग घुंगरांचं सांगितलं, पाळीचं सांगितलं, इंग्रजी संपली तेव्हा मराठीत सांगितलं. सर लक्ष देऊन ऐकत होते. मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

सर पाटलाच्या घरचे. आमच्या नव्हे, दुसऱ्या गावच्या. पण तिथंही कुणाचा तरी आजा दारात काठी आपटत उभा राहिलाच असणार. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. आपल्या अभिमानाची गोष्ट ऐकून समोरच्याला आपला अभिमानच दिसेल, असं वाटण्याइतकी मी खुळी होते.

एक कबूल करते. सर शिकवायचे उत्तम. सिमिली, मेटॅफर, आयरनी, हायपरबोली, या शब्दांना मुलं घाबरायची. सर गावाकडचं उदाहरण द्यायचे आणि शब्द पाणी प्यायल्यासारखा आत जायचा. त्यांच्या उदाहरणांसाठी दुसऱ्या वर्गातली मुलं दाराशी येऊन उभी राहत. मीही त्यांच्यामुळंच इंग्रजी घेतलं. आजही मेटॅफर म्हटलं की पहिलं त्यांचंच वाक्य आठवतं. त्याचीही चीड येते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गवंडी होते. संध्याकाळी कामावरून आले की हातापायाचं सिमेंट धुऊन पायरीवर बसायचे आणि विचारायचे, "आज काय शिकावलं?" मी शिकलेला शब्द त्यांना सांगायचे आणि ते आपलं उदाहरण द्यायचे. हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती म्हटलं, तर म्हणाले, "आमचा कंत्राटदार. दोन दिसात सलॅब टाकतो म्हनतो." आयरनी सांगितली त्या दिवशी मागच्या भिंतीकडं बघत बसले. मग म्हणाले, "म्या आख्ख्या तालुक्याचं बंगलं बांदलं अन् आपली मागची भित अजून कुडाची. ह्ये बसतंय का त्यात?"

"बसतंय अण्णा. चांगलं बसतंय," मी म्हणाले. ते इतके खूष झाले की आईला हाक मारून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

काठीच्या दिवशीही त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आज सर आले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून टकटक सुरू झाली. मी वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकावरून कुणीतरी स्टीलची पट्टी बाकावर आपटायचा. दोनदा. टक टक. बोलायचं कुणी नाही. मागं वळून बघितलं तर सगळे वहीत तोंड घालून. तक्रार काय करणार? पट्टी आपटली म्हणून? मी लवकर यायला लागले, सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचं म्हणजे पाऊल टाकायची वेळच यायला नको. त्यासाठी पहाटेची एसटी धरायला लागायची. आई म्हणायची, "लई अभ्यास करती पोरगी." मी मान हलवायचे.

मग टेस्ट आली. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मुकुट आणि राजा सगळ्या गाइडात आहे. मी दिलेलं उदाहरण जो लिहील त्यालाच पूर्ण मार्क." चौथा प्रश्न, मेटॉनमीची व्याख्या लिहून वर्गात दिलेलं उदाहरण द्या.

मी व्याख्या लिहिली. मग पेन उचलून धरलं. घड्याळात अजून बराच वेळ होता. मला पुण्याला एम. ए.ला जायचं होतं. त्याला फर्स्ट क्लास लागत होता. आमच्या घरात गवंड्याच्या हाताखाली पाट्या टाकण्याशिवाय दुसरा कुठला रस्ता मला दिसत नव्हता, आणि हा एक होता तो या चौथ्या प्रश्नातून जात होता.

मी लिहिलं. द स्टिक फॉर द येसकर. वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून.

वर्ग हसला ती त्यांची करणी होती. हे माझं होतं. माझं पेन, माझा हात. पेपर परत मिळाला तेव्हा त्या ओळीवर लाल टिक होती आणि बाजूला दोनपैकी दोन.

पेपर दप्तरात दडवून ठेवला होता, पण अण्णांना सापडला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, टिक मात्र कळायची. एकेका टिकेवर बोट ठेवत ते विचारत राहिले, "ह्ये बरूबर? अन् ह्ये?" चुन्यानं फाटलेलं ते बोट खाली आलं आणि नेमकं त्या ओळीवर थांबलं.

"हितं काय लिवलंय?"

मी म्हणाले, "मुकुट म्हणजे राजा, असं लिहिलंय. ज्याच्याजवळ जी वस्तू, तिच्यावरून त्याला ओळखायचं."

अण्णांनी विचार केला. कोपऱ्यात घमेलं होतं, घमेल्यात थापी होती. तिच्याकडं बघून म्हणाले, "मंग थापी म्हंजी मी." आणि स्वतःच हसले. "बरूबर हाय का गं?"

"बरोबर आहे."

मी मागच्या कुडाच्या भिंतीशी जाऊन रडले. त्यांचं उदाहरण सरांच्या उदाहरणापेक्षा शंभर पटीनं खरं होतं आणि त्याला अर्धाही मार्क नव्हता. पुढं अण्णा वारले. त्या ओळीत खरं काय लिहिलं होतं ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

मला फर्स्ट क्लास मिळाला. पुण्याला एम. ए. झालं. परत आले तेव्हा त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजीची जागा निघाली होती. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास तेवढीच तुमची गरज, आणि दर जूनला पुन्हा मुलाखत. सर आता विभागप्रमुख झाले होते. केस पांढरे. माझी निवड त्यांनीच केली. स्टाफरूममध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, "ही आमची विद्यार्थिनी. शिनोली."

माझा ऊर भरून आला. हो, आला. खोटं कशाला सांगू.

त्यांनी मला विभागाच्या नोट्स दिल्या. कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या, स्पायरल बाइंडिंग. "लिटररी टर्म्स तू घे. सगळं तयार आहे." मी सिमिलीपासून पानं उलटत गेले. मेटॉनमीला आले. द क्राउन फॉर द किंग. द चेअर फॉर द पॉवर. द स्टिक फॉर द येसकर. आणि त्याखाली एक नवं वाक्य: द ग्रँडफादर मे थ्रो द स्टिक इन द रिव्हर, बट द नेम रिमेन्स.

माझं वाक्य. ज्यासाठी मी डिक्शनरी घेऊन बसले होते ते. त्याला शेपूट जोडून त्यांनी ते उलटं करून ठेवलं होतं. मी कॉलेज सोडून गेल्यावर किती बॅचेसनी ते पाठ केलं असेल. जुन्या मुलांनी नव्या मुलांना झेरॉक्स दिली असेल. माझा आजा त्या झेरॉक्समधून तालुकाभर फिरत होता, आणि प्रत्येक वेळी त्याची काठी कुणीतरी नदीतून काढून पुन्हा त्याच्याच हातात देत होतं.

पहिल्यांदा मी ते पान टाळलं. मुलंच म्हणाली, "मॅडम, एक टर्म ऱ्हायली." बातमी सरांपर्यंत गेली. त्यांनी बोलावून घेतलं.

"नोट्सप्रमाणे घे. टेस्टला येते ती."

"सर, उदाहरण बदललं तर चालेल का?"

त्यांना खरंच नवल वाटलं. "का? इतकं चांगलं उदाहरण आहे. आपल्या मातीतलं. आणि तुझ्याच घरचं. तुला तर अभिमान पाहिजे."

त्यांना कळत नव्हतं, की कळून ते बोलत होते? मी यावर खूप डोकं फोडलं. आता सोडून दिलंय. ते शोधून काढायची जबाबदारी माझी नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ डिक्टेट केली.

पुन्हा लिहिते, वाचणाऱ्यांना वाटेल चुकून लिहिलं. मी, त्या आज्याची नात, खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभी राहिले आणि स्पष्ट उच्चारात म्हणाले, द स्टिक फॉर द येसकर. नोकरी नवी होती. अण्णा गेल्यावर घरात पुरुषमाणूस नव्हता. ही कारणं खरी आहेत आणि तरी ती पुरत नाहीत.

दुसऱ्या बाकावर महाळुंगे पडवळची एक मुलगी बसायची. सरांच्या सवयीनं मीही तिला महाळुंगेच म्हणायचे. हुशार, कमी बोलणारी, आमच्यातली. मी ओळ म्हणाले आणि तिनं मान खाली घातली. लिहून झालं तरी वर केली नाही. ओढणी मात्र खांद्यावरून पुढं ओढून घेतली, थंडी वाजल्यासारखी. आणि मागून आवाज आला. टक टक.

ही पोरं वेगळी होती. मी कॉलेजात होते तेव्हा ती शाळेत जात असतील. त्यांना हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. ओळीबरोबर आपोआप आलं. ती ओळ त्यांना कुणी दिली? मी दिली.

मी खडू टेबलावर ठेवला. माझ्या आज्याकडं काठी आली तेव्हा त्यानं ती पुढच्या घरी दिली नाही. माझ्याकडं आली तेव्हा मी ती उचलली, चालत गेले आणि महाळुंगे पडवळच्या या पोरीच्या घरी नेऊन दिली.

"थांबा," मी म्हणाले. "ती ओळ खोडा. खालचीही."

"आख्खी, मॅडम?"

"आख्खी. वाचता येणार नाही अशी. आणि तिथं लिहा, थापी म्हणजे गवंडी."

मागच्या बाकावरच्यानंच विचारलं, "मॅडम, टेस्टला ह्याचं मार्क मिळत्याल का?"

"नाही मिळणार," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? पेपर सर तपासायचे.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. पेनं काही चालली, काही नाही. तास सुटला. जिन्याशी ती मुलगी माझी वाट बघत उभी होती. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल आणि माझं मन हलकं होईल. ती म्हणाली, "मॅडम, रागावू नका. म्या खोडलं न्हाई. मला फर्स्ट क्लास पायजे. मला यमेला जायचंय."

तिला काय सांगू? की लिहू नकोस? मी लिहिलं होतं. लिहिलं म्हणूनच मी जिन्याच्या या बाजूला उभी होते. ती नमस्कार करून निघून गेली आणि टेस्टला तिनं ती ओळ लिहिली. चांगल्या अक्षरात लिहिली असणार.

तेव्हा मला कळलं की वहीत खोडून काही होत नाही. ज्या पोरीला पुढं जायचंय तिला ती ओळ गिळायलाच लागते. ती ओळ नोट्समधूनच गेली पाहिजे. आणि ते काम त्या पोरीचं नव्हतं.

मी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला. अर्ज विभागप्रमुखांच्या अभिप्रायासाठी गेला, म्हणजे सरांकडंच. स्टाफरूममध्ये एक जण समजुतीनं म्हणाले, "मॅडम, इतिहास आहे तो. शिवी थोडीच आहे?" मी विचारलं, "मग इतिहासच शिकवा ना. आज्यानं काठी टाकली तिथं वाक्य संपतं. पुढचं बट कुणाचं?" त्यांनी चहाचा कप उचलला आणि खिडकीशी गेले.

सरांनी बोलावलं. या वेळी त्यांनी मला शिनोली म्हटलं नाही, मॅडम म्हटलं. "एवढ्याशा ओळीसाठी तुम्ही आपलं नुकसान करून घेताय, मॅडम." मार्चपर्यंत मी तास घेतले. जूनला मुलाखतीच्या आधीच लागलेल्या वेळापत्रकात माझं नाव नव्हतं.

तरी पुन्हा मुलाखत दिली. मुलाखतीत दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा असतो, विषय आपल्या आवडीचा. समोर तीन माणसं, मधोमध सर. मी फळ्यावर लिहिलं, मेटॉनमी. आधी अण्णांची थापी सांगितली. मग काठी. घुंगरं, पाळी, पुढचं घर, घोडनदीचा डोह, सगळं. आणि शेवटी म्हणाले, या विभागाच्या नोट्समध्ये हे वाक्य उलटं छापलंय, ते दुरुस्त करावं. सर सगळा वेळ टेबलावरचा पेपरवेट बघत होते. माझी निवड झाली नाही. पुढच्या जूनला परत गेले. परत मेटॉनमी घेतली. परत झाली नाही. आई म्हणाली, "बाई गं, दुसरा कोन्ता तरी धडा घे की." तिचं बरोबर आहे. दुसरा घेतला असता तर कदाचित मला घेतलंही असतं.

सध्या ओतूरला एका शिकवणीत दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवते. नोट्समध्ये ती ओळ अजून आहे. ओतूरच्याच झेरॉक्सच्या दुकानात परवा पाहिली.

या जूनची जाहिरात आली आहे. मी अर्ज भरलाय. मला घेणार नाहीत हे मला पक्कं माहीत आहे. पण दहा मिनिटं त्यांना मला बसून ऐकावंच लागतं, तसा नियम आहे, आणि त्या दहा मिनिटांत विषय माझा असतो. आज्याचं बरं होतं, त्याला काठी एकदाच टाकायला लागली. मला ती दर जूनला टाकायला लागणार. टाकीन.